पेन धरलं की आवळणारा हात

"मॅडम, बोटं उघडत नाहीयेत."

दिवाणी प्रक्रिया संहितेचा पेपर चालू होता. वैशालीची बोटं पेनाभोवती आवळली होती, मनगट आत वळलं होतं. एकेक बोट सोडवत मी पेन काढलं. उत्तरपत्रिकेवर जेमतेम दीड पान झालं होतं. शेवटच्या ओळी वाचता येत नव्हत्या.

मी जळगावच्या एका लॉ कॉलेजात शिकवते. त्या दिवशी केंद्राची सीनियर सुपरवायझर होते. वैशाली अमळनेरहून यायची. दोन मुलांची आई. वर्गात कुठलंही कलम विचारा, ती उदाहरणासकट सांगायची. डिग्री पूर्ण करायची मुदत संपत आली होती आणि एवढा एकच विषय राहिला होता.

तिला ऑफिसात नेलं. पाणी दिलं. त्याच हातानं तिनं ग्लास उचलला.

प्राचार्य म्हणाले, "हात तर चालतोय."

"सर, फक्त लिहितानाच असं होतं. टायपिंग जमतं मला. कॉम्प्युटरवर लिहू द्या ना."

मी युनिव्हर्सिटीला फोन लावला.

"अपंगत्वाचं सर्टिफिकेट आहे का?"

"नाही. आजच कळतंय, सर."

"मग रायटरसुद्धा देता येणार नाही. टायपिंगची तर तरतूदच नाही."

रायटर म्हणजे विद्यार्थी तोंडानं सांगेल ते उतरवणारा माणूस.

वैशाली उठली. हॉलमध्ये परत गेली आणि डाव्या हातानं लिहायला लागली. पहिलीतलं पोर गिरवतं तशी अक्षरं. शेवटची घंटा झाली तेव्हा निम्मा पेपर कोरा होता. ती नापास झाली.

धुळ्याच्या डॉक्टरांनी रायटर्स क्रॅम्प सांगितला. या दुखण्यात पेन धरलं की स्नायू आपोआप आवळतात, बाकी कामाला हात ठीक असतो. तिथेच घोडं अडलं. सरकारी दवाखान्यात अपंगत्वाची टक्केवारी निघेना. टक्केवारी नाही म्हणून सर्टिफिकेट नाही, सर्टिफिकेट नाही म्हणून सवलत नाही.

मी परीक्षा समितीपुढे गेले. म्हटलं, "इंटरनेट बंद करून लॅपटॉप द्या. मी स्वतः शेजारी बसते."

"उद्या सगळेच मागतील, मॅडम."

"कोर्टात तरी आता हातानं दावा कोण लिहितं, सर?"

एकदोघे हसले. विषय पुढच्या बैठकीवर गेला. ती बैठक होईपर्यंत वैशालीची मुदत संपली, डिग्री हातची गेली.

कागदपत्रं न्यायला ती वडिलांबरोबर आली. ते दारातच थांबले.

"मॅडम, तिले बठ्ठं येस ना? मंग नापास कशी?"

तिला सगळं येत होतं, हे खरंच होतं. वैशालीच म्हणाली, "आबा, चला. गाडी चुकेल."

आता हात दुखतो असं कोणी म्हटलं, की मी त्याला पहिल्याच वर्षी डॉक्टरकडे पाठवते आणि सवलतीसाठी अर्ज करायला लावते. अर्जाची पोच जपून ठेवायला सांगते. तूर्त पोच तेवढी मिळते.