अख्खी गाठ एकाच बाटलीत

तुम्ही म्हणाल, दवाखान्यात बाटल्या उचलणाऱ्या बाईला काय कळते? कळते हो. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण चंद्रपूरला तपासणीच्या खोलीत जन्म गेला, आणि डॉक्टरबाईंनी मायक्रोस्कोपमधून दाखवून दाखवून शिकवलं. शरीरात काही शिरलं, आणि ते मरतही नाही, बाहेरही पडत नाही, की पेशी त्याच्याभोवती दाटीनं गोल बसतात. त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. क्षयात त्या गोलाच्या मधोमध मेलेलं, पनीरासारखं भुसभुशीत दिसते. कुष्ठरोगात गोल लांबुळके होऊन नसांच्या कडेनं पसरतात. खाणीत राबलेल्या एखाद्याच्या अंगातून काढलेल्या तुकड्यात दगडाची धूळ चमकते, तर कधी जुन्या टाक्याचा दोराच निघते. पण पुष्कळदा नुसते गोल दिसतात आणि कारण सापडतच नाही.

माझी धाकटी बहीण वडशाकडं दिलेली. रोवणीच्या दिवसांत तिच्या मानेला गाठ आली, ती पदराखाली झाकून धानाच्या बांधीत वावरत होती. मीच ओढून आणली.

तुकडा कोरडा पडला की वाया जाते. माझ्या हातून असा एकही गेला नव्हता, त्याचा मला भारी तोरा. त्या दिवशी तर सख्ख्या बहिणीची गाठ. ऑपरेशनच्या दाराशी मी उभीच होते. वाटी हाती आली, तशी डॉक्टरांच्या कागदाची वाट न पाहता अख्खी गाठ फॉर्मॅलिनमध्ये सोडली. मागून चिठ्ठी आली: अर्धी गाठ सलाईनमध्ये ठेवा, जंतू वाढवून पाहायचे आहेत. फॉर्मॅलिननं पेशी टिकतात, जंतू मात्र मरतात.

डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. काचेवर गोल दिसले, मधलं मेलेलंही दिसलं, पण रंग देऊनही जंतू दिसले नाहीत. क्षय धरून नेहमीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्या या जंतूंवर चालतील की नाही, हे कळायची वाट मी बुजवून टाकली होती.

बहिणीला यातलं काही बोलले नाही. ओकारी आली तरी ती गोळ्या घ्यायची. म्हणायची, "बाई, तू तिथीच असते ना? मंग मले काय भेव?"

मी म्हणायची, "काईच नाई."

दुसरी गाठ आली. तीही काढून तपासू म्हटलं, तर म्हणे धान कापून होऊ दे. मी हट्ट धरला नाही. हट्ट धरला असता, तर कारण सांगावं लागलं असतं.

मग खोकला लागला. थुंकीतून जंतू वाढवले, तेव्हा कळलं की इतके महिने घेतलेल्या मुख्य गोळ्यांना ते जुमानतच नव्हते. दुसरी औषधं आली, पण तोवर तिच्या अंगात काही उरलं नव्हतं.

शेवटी शेवटी तिच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हणेल जाऊ दे.

"तवाच सांगतलं असतं," ती म्हणाली, "तं म्या दुसरी गाठ काढू दिली असती."

मी पाण्याचा गिलास पुढं केला. तिनं सुनेला हाक मारली. त्यानंतर चार दिवस ती होती, आणि माझ्या हातचं पाणी तिनं घेतलं नाही.