थंडोबाची सपाट रेघ

शीतगृहात बारा वर्षं तापमान लिहिणाऱ्या या गृहस्थाला सगळेच थंडोबा म्हणत, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. पारा अर्धा अंश चढला तरी साहेब लेखी खुलासा मागत. म्हणून तो दोन वह्या ठेवी: कच्चीत खरा आकडा, पक्कीत साहेबांना झोप लागेल असा.

लग्नाला पाच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता, आणि बायको आतून खचत चालली होती. दवाखान्यातल्या सिस्टरने तिला सांगितलं, रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी थर्मामीटर लावा, आकडा तक्त्यावर मांडा. बीज सुटलं की अंग दोन-तीन दशांश चढतं. तक्ता भरायचं काम थंडोबाने हट्टाने मागून घेतलं. घरात त्याच्या नोकरीला प्रथमच भाव आला होता.

सहा महिन्यांनी सिस्टरने तक्ते पाहिले.

“एकदाही चढ नाही. नुसती सपाट रेघ.”

“असते एकेकाच्या हाताला शिस्त,” थंडोबा लाजून म्हणाला.

“म्हणजे माझ्यात बीजच तयार होत नाही?” बायकोने विचारलं.

थंडोबाने पिशवीतून घरच्या आकड्यांची कच्ची वही काढली. तिच्यात दर महिन्याला चढ होता, चांगला बारा-तेरा दिवस टिकणारा.

“मग तक्त्यावर का नाही?” सिस्टरने विचारलं.

“आमच्याकडे चढ म्हणजे बिघाड. मी तो उतरवून लिहायचो.”

“आणि त्याच दिवसांत माझं पांघरूण काढून घेत होतात ते?” बायको म्हणाली.

“ती दुरुस्ती.”

त्या दिवशी त्याने जी बोलणी खाल्ली, त्यावर आठवडाभर जेवला नसता तरी चाललं असतं. पेन्सिल बायकोने ताब्यात घेतली. मूल राहण्याचे दिवस आता खऱ्या आकड्यांवरून धरले.

चौथ्या महिन्यात चढ आला आणि उतरेचना. अठरा दिवसांपुढे टिकला तर तपासायला या, असं सिस्टरने सांगून ठेवलं होतं. एकोणिसाव्या सकाळी थंडोबा पलंगाच्या कडेला बसला होता. हात शिवशिवत होते, डोळे भरून आले होते.

“याचा खुलासा द्यावा लागेल,” तो म्हणाला.

“द्या,” म्हणत बायकोने पेन्सिल पुढे केली.

त्याने नीट, सावकाश अक्षरात शेरा लिहिला: ‘चढ कायम. बिघाड नाही. कोणी हात लावू नये.’ मग उठून तिच्या अंगावर दुसरं पांघरूण घातलं.