मर्लने बंदूक खाली ठेवली

माझा मेव्हणा मर्ल हुइसिंगा आयुष्यभर दुधाचा टँकर चालवत होता, आणि आयुष्यभर हट्टी होता. इलिनॉयच्या आमच्या भागात फेझंटचा, म्हणजे लांब शेपटीच्या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याचा, त्याच्याइतका जाणता शिकारी नव्हता. अर्ध्या गावाला बंदूक धरायला त्यानेच शिकवलं, शिव्या घालून घालून. पण अलीकडे त्याची नजर गेली होती, आणि ते कबूल करेल तर तो मर्ल कसला! गेल्या महिन्यात चर्चच्या दारात कुणाच्या तरी टांगलेल्या कोटाला त्याने विचारलं, "काय डोरीन, गुडघा कसा आहे?"

माझी बहीण आर्लिस, म्हणजे त्याची बायको, हसली नाही. तिने मोटारीच्या किल्ल्या केव्हाच काढून घेतल्या होत्या, पण बंदुकीला हात लावायची तिचीही छाती नव्हती.

"आज काहीही करून ती त्याच्याकडून घे," शिकारीच्या सकाळी ती मला म्हणाली. "कुणाचा तरी जीव जाईल रे."

"मीच का?"

"मग काय पाद्रीला पाठवू?"

सरकारी सोडतीत नंबर लागल्यामुळे शिकारीसाठी राखीव जमिनीवरचं एक शेत त्या दिवसापुरतं आमचं होतं. सरकारी माणसांनी आदल्या संध्याकाळी पक्षी सोडले होते. नियम साधा: मारायचा तो फक्त नर. ज्याला पक्षी आधी दिसेल त्याने ओरडायचं. "मादी!" ऐकलं की सगळ्यांच्या बंदुका खाली.

मी आणि मर्ल ज्वारीतून चालत निघालो, पुढे त्याची कुत्री टिली. त्याची मुलगी जनेल शेताच्या पलीकडच्या टोकाला उभी राहिली, कारण हे पक्षी आधी पळत सुटतात आणि ज्वारी संपली की मगच उडतात. वाटेत मी दोनदा विषय काढला.

"मर्ल, ऊन फार आहे. बंदूक मी घेऊ का?"

"तुझी तुला झेपत नाही, माझी कुठे घेतोस?"

अशा माणसाला काय सांगणार, कपाळ!

शेवटाला टिली थबकली. धाडकन एक पक्षी उठला आणि अगदी खालून उडत, सूर्याच्या बाजूला, थेट जनेलच्या दिशेने निघाला. मर्लची दुनळी खांद्याला लागली. नळी पक्ष्यामागे वळली. पुढे जनेलचं नारिंगी जाकीट मला दिसत होतं, त्याला दिसत नव्हतं.

"मादी!" मी बोंबललो. "मादी, मर्ल, मादी!"

बंदूक खाली आली. आणि त्याच क्षणी तो दळभद्री पक्षी जनेलच्या डोक्यावरून जाताना कर्कश ओरडला. उडताना असं कोकलतो तो नर. मादी मुकाट उडते. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, आणि मर्लचे कान अजून शाबूत होते.

आता शिव्यांचा पाऊस पडणार म्हणून मी मान खाली घातली.

"बाबा, अहो नर होता तो! सोडलात कसा?" पलीकडून जनेल हसत ओरडली.

तिचा आवाज आला त्या बाजूला मर्ल बघत राहिला. मग त्याने दुनळी उघडली, दोन्ही काडतुसं काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि वर बंदूकही दिली. त्याचा चेहरा असा मोकळा झाला होता, की गेल्या दोन हिवाळ्यांत मी त्याला तसा पाहिला नव्हता.

"ती तिथे होती ना? समोरच?"

"हो."

"गाढवा," तो म्हणाला, "दोन वर्षं वाट बघतोय मी, कुणीतरी ओरडेल म्हणून."