लाल शर्टवाला तीनदा मेला

माया ताईले रत्नागिरीच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. आठ दिवसानं हजर व्हाचं होतं. अन नेमका त्याच रयवारी दुपारी आमच्या बाबाईनं टीव्हीवर एक जुना इंग्रजी पिच्चर पाह्यला, हिंदीत बोलनारा. त्याच्यात समुद्र उठते अन अख्खं शहर गिळून टाकते.

पिच्चर संपला तसे बाबा उठले. म्हने, "पोट्टी जात नाई. तिकडं समुद्र हाये."

बाबा कामरगाव ते कारंजा जीप चालवते. एका जीपमंधी सोळा मान्सं कोंबाले ज्यायले भेव वाटत नाई, ते समुद्राले भेले! ताई रुसून जेवली नाई. आई मले म्हने, "मास्तरच्या नकला कराले लय पुढं असतं ना? आता समजाव तुया बापाले."

दुसऱ्या दिवशी मी तोच पिच्चर मोबाइलवर हुडकला, टीव्हीले जोडला अन बाबाईले धरून बसवलं.

पिच्चरमंधी एक शास्त्रज्ञ होता. दर पाच मिनिटाले तो म्हने, "हमारे पास वक्त बहुत कम है!" अन मंग आरामात कॉफी प्याचा. मी त्याच्या संगं उभा राहून तसंच बोललो, आईच्या चहाचा कप घेऊन, फुर्रकन फुरका मारून. ताई हसली. बाबा खेकसले, "हसतं काय वं? मान्सं मरून राह्यले तिथं!"

"बाबा, हा लाल शर्टवाला पाहा. हा पहिले पुलावर मेला. मंग हॉटेलात मेला. आता जहाजावर मरून राह्यला."

आई म्हने, "अवं माय! बिच्याऱ्याले एक डाव तं धड मरू द्या!"

तेवढ्यात हिरोइन लाटेतून बाहेर आली. केस जागच्या जागी, लिपस्टिक जशीच्या तशी. आई म्हने, "एक हंडा पानी आनलं तं माई अर्धी साडी भिजते. हिच्यावरून समुद्र गेला!"

मंग पुलावरून बस वाहून गेली अन बाबा एकदम पुढं सरकले.

"थांब. मांगं घे."

मी मांगं घेतलं.

"अजून मांगं. हां. चाकं पाह्य! बस पळून राह्यली अन चाकं फिरतच नाई! खेळन्यातली हाये लेका!"

मंग काय इचारता! धरन थर्माकोलचं निघालं, हेलिकॉप्टरचा दोरा दिसला. बाबा खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर दाबून हसत होते, डोयातून पानी. तीच संधी साधून ताईनं इचारलं, "मंग जाऊ ना बाबा?"

बाबाईचं हसू थांबलं. "पिच्चर खोटा हाये. समुद्र तं खरा हाये ना? तू पाह्यला?"

ताईनं नाई पाह्यला होता. मीनंबी नाई, आईनंबी नाई. आमच्या अख्ख्या गल्लीत इचारलं असतं तं तेच उत्तर भेटलं असतं.

"मंग मी येतो संगं. पहिले मी पाहीन."

पावसाळ्यात नाल्याच्या पुलावर पानी असलं का बाबा जीप थांबवते. सवाऱ्या बसू देते, एक काठी घेते अन सोता पान्यात चालत जाऊन पाह्यते. मंगच गाडी काढते. रत्नागिरीले उतरल्यावर त्याईनं तेच केलं. कुठूनशी काठी आनली, पॅन्ट गुडघ्यावर गुंडाळली अन निघाले समुद्र मोजाले. काठावर ताई अन मी, हातात बॅगा. फिराले आलेले लोकं फोटो काढाचं सोडून आमच्या बापाकडं पाहून राह्यले.

एक लाट आली अन बाबा धपकन खाली बसले. ताई किंचाळली, "बाबाऽऽ!"

बाबा उठले. काठी गेली, चप्पल गेली. थू थू करत बाहेर आले, नखशिखांत वले, अन एवडे खूश का काय सांगू!

"खारट हाये वं! पन मान्साले ढकलून बाहेर काढते. आमचा नाला तं आत वढते." मंग केस पुसत म्हने, "राह्य तू इथं."