नाव बदललेला बैल

भुताखेतांच्या, अंगात येण्याच्या गोष्टी कुणी काढल्या की मी उठून चहा टाकायला जाते. नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. तरी हे लिहितेय, कारण ते भर सकाळी, माणसांच्या गर्दीत, माझ्यासमोर घडलं...

माझा थोरला भाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, हुडकेश्वरच्या पुढे गावात राहतो. शंकरपटाचा दर्दी. मधली बंदीची वर्षं सोडली तर जन्मभर तो बैलांच्या शर्यतींचे निकाल वहीत उतरवत आला — बैलाचं नाव, मालक, जोडीत कोणत्या बाजूनं पळाला, किती सेकंद लागले. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून लोक त्याला फोनवर निकाल सांगतात, अन् रविवारी जाऊन मी ते लिहिते. लिहिलं की मोठ्यानं वाचून दाखवायचं, हा त्याचा नियम.

मला बैलातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानंच शिकवलं. "नवख्यानं पहिला नंबर पाहूच नाही वं कमल. दुसरी धाव पाह्य. सकाळी वाऱ्यासारखा पळते अन् दुपारी ढेपाळते, त्याच्यावर पैज लावू नाही. अन् तीन पटांचे निकाल हाती नसतील त घरी बसावं." शाळा चौथीपर्यंत झालेली, पण डोकं बघा!

या वहीला एकच गोष्ट चकवते. बैल विकला की नवा मालक त्याचं नाव बदलतो. नाव गेलं की मागचे निकालही गेले.

गेल्या संक्रांतीनंतरचा पट. दादाच्या मुलानं, सुधाकरनं, आपला हिरा उतरवला होता. भंडाऱ्याकडचा एक पाहुणा 'वादळ' नावाचा बैल घेऊन आला अन् पैज मागू लागला — हरेल त्यानं आपला बैल द्यायचा. हिऱ्याला सुधाकरनं वासरू असल्यापासून पोसलेलं. पण भरवसा दांडगा. मी बरोबर आणलेली वही चाळली. वादळ कुठंच नाही, हिऱ्याची दुसरी धाव मात्र दरवेळी उत्तम.

"आता त आत्याच्या वहीनंच सांगतलं," सुधाकर म्हणाला. "बाबा, हो म्हणा."

"आधी मले त्या बैलापाशी ने."

"तुमाले काय दिसणार हाये तिथं?"

"तुले दिसते, तं तू कोणते दिवे लावले? चाल."

दादानं वादळच्या वशिंडावर हात ठेवला. मग म्हणाला, "कमल, काजळ्याचं पान काढ. तुमसरवाल्याचा बैल तो."

काढलं. चार पट, अन् चारही वेळा दुसरी धाव पहिलीपेक्षा जलद. हिऱ्याहूनही जलद.

पाहुणा कसानुसा झाला. "तुमाले कोणं सांगतलं गा? दिवाळीतच घेतला म्या. नाव बदललं."

सुधाकरनं पैज सोडली. "बापानं बैलाले इचारलं अन् पोरगं भेलं," असं कुणीतरी म्हणालंच. नुसत्या हौसेखातर जोड्या सुटल्या. पहिल्या धावेत हिरा पुढे. दुसऱ्या धावेत वादळ छकडाभर अंतरानं पुढे. सुधाकर हिऱ्याच्या मानेला कपाळ लावून उभा राहिला.

आता बघा. काजळ्याची पहिली नोंदच दादाचे डोळे गेल्यानंतरची, माझ्या हातची. त्या बैलाला त्यानं कधी पाहिलं नाही, हात लावला नाही. वहीत रंग लिहायची पद्धत नाही. कुणी फोन केला असेल म्हणून मी त्याचा मोबाईलही तपासला... काही नाही.

"दादा, खरं सांग," मी म्हटलं.

"हात ठेवला अन् ते पान तुह्या आवाजात आयकू आलं. याच्याहून जास्त मले नाही माहीत वं."

माझा भाऊ खोटं बोलत नाही. बैलांच्या बाबतीत तर नाहीच. हिरा आजही सुधाकरच्या दारात आहे. सुधाकर आता पैज लावण्याआधी समोरच्या बैलावर हात ठेवतो, अन् काहीच ऐकू आलं नाही म्हणत परत येतो. मीही एकदा, कुणी बघत नाहीसं पाहून, ठेवून पाहिला. बैल ऊन होता, श्वास घेत होता... बस, एवढंच.