विहीणबाईंना कळसूबाईला न्यायचं ठरतं तेव्हा

मला उंचीची भीती वाटते, आणि मी माझ्या व्याह्यांना कळसूबाईला घेऊन जातो असं कबूल करून बसलो.

भीती म्हणजे साधीसुधी नाही. माझं बियाण्यांचं दुकान आहे, वडीगोद्रीला, हायवेच्या कडेला. त्या दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवर मी कधीच काही ठेवलेलं नाही. गिऱ्हाइकं विचारतात, "शेठ, वरची फळी रिकामी का?" मी म्हणतो, हवा खेळायला.

तर अधिक महिना होता. पोरीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, म्हणून धोंड्याच्या जेवणाला जावयासोबत व्याही आणि विहीणबाईंनाही आग्रहानं बोलावलं. ते सिन्नरकडचे. जेवण झालं, पान लावणं चाललं होतं, आणि व्याही खिडकीतून बाहेर बघत सहज म्हणाले, "तुमच्याकडं एक बरं आहे, सगळं सपाट. डोंगर नाही, दगड नाही. माणसाला दम लागायचं काही कारणच नाही."

वाईट बोलले नव्हते. पण जेवलेला माणूस आणि त्यात पोरीचा बाप, माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "डोंगराचं आम्हाला काय सांगता पाव्हणे, मी वर्षाला एकदा कळसूबाई करतो."

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. ती माझी बायको होती.

"काय सांगता!" व्याही सरसावून बसले. "आमच्या उशाशी आहे, पण आमचं जाणं झालं नाही बघा. मग एकदा न्या की आम्हाला."

"न्या की काय, चलाच!" असं मी म्हणालो. व्याह्यांनी तोंडानं काही मागितलं तर त्याला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. पण ते डोंगर मागताहेत, हे मला पान खाल्ल्यावर कळलं. गणपती झाले की रविवार बघून जायचं, एका दिवसात वर जाऊन खाली यायचं, असं तिथल्या तिथं ठरलंसुद्धा. पोरगी माझ्याकडं बघत होती. तिला सगळं माहीत होतं. पण सासऱ्यांसमोर बापाला खोटं पाडायचं म्हणजे तिचीच मान खाली जाणार. ती पानाचं तबक उचलून आत गेली.

पाहुणे गेले आणि मी मोबाइलवर कळसूबाईचे व्हिडिओ लावले. सुरुवात छान होती. पायथ्याचं बारी गाव, भाताची हिरवीगार शेतं, हसणारी पोरं. मग कड्याला ठोकलेली लोखंडी शिडी आली. वर बघणारा कॅमेरा अचानक खाली बघायला लागला. मी मोबाइल उशीवर पालथा घातला.

"शिड्या हायती तिथं," मी बायकोला म्हणालो.

"मंग? तुमी तर दरवर्षी जाता."

जुन्या जालन्यात माझा एक मित्र आहे, चपला-बुटांचा व्यापारी. त्याच्याकडं बूट घ्यायला गेलो. घरी उर्दू बोलणारा माणूस, पण मला शिव्या देताना मराठीच वापरतो. पायाचं माप घेता घेता त्यानं विचारलं, "कशासाठी?"

"डोंगर चढायला."

त्यानं माप सोडून दिलं. "लहानपणी सगळे गच्चीवर पतंग उडवायचे तेव्हा तू खाली अंगणात मांजा गुंडाळत बसायचास. आता पहाड? भाई, बूट देतो मी, पण बिलकुल वापरू नको. नवाच्या नवा परत आण."

तरी बूट घेतले. गाडी सांगितली. पहाटे निघून सिन्नरला पाहुण्यांना घ्यायचं, तिथून बारी गाठायचं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, पाण्याचे कॅन, गुडघ्याचा मलम, सगळं सांगून झालं. एक दिवस घराच्या गच्चीवरच्या टाकीला टेकवलेल्या शिडीवर सराव करून बघितला. थोडा वर गेलो आणि हात दांडीला चिकटले. खाली बायको धुणं वाळत घालत होती. तिनं सगळं धुणं वाळत घालून होईपर्यंत मला तिथंच ठेवलं, मग म्हणाली, "उजवा पाय खाली घ्या. डावा न्हाई, उजवा."

मग मला युक्ती सुचली. शिडी आली की मी बाजूला उभं राहायचं आणि हात जोडून म्हणायचं, आधी पाव्हण्यांनी. मग विहीणबाई. मग जावई. मानपान म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? सगळे वर गेले की मी हळूच पाणी आणायच्या निमित्तानं खाली.

बायकोला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं.

"आन् दुसऱ्या शिडीला काय करता?"

मी दुसऱ्या शिडीचा विचारच केला नव्हता. तिथं तर एकापुढं एक शिड्या.

दिवस जवळ यायला लागले तशी माझी झोप उडाली. डोळे मिटले की कडा दिसायचा. तेव्हा मी ते केलं जे आमच्याकडचा माणूसच करू शकतो. सोयरीक टिकवताना आपण जन्मभर काय शिकतो? व्याही रुसू नयेत म्हणून काय काय करायचं ते. मी म्हटलं, तेच उलटं करू. आमच्यात साध्या जावळाचं बोलावणं असलं तरी घरातल्या एकेका मोठ्या माणसाला वेगळा फोन करावा लागतो. विहीणबाईंना बायकोनं, व्याह्यांना मी, आणि त्यांच्या थोरल्या भावालासुद्धा. मी कुणालाच फोन केला नाही. दोन्ही घरांच्या ग्रुपवर नुसतं टाकलं, "रविवारी निघायचं आहे. ज्यांना जमेल त्यांनी यावे."

ज्यांना जमेल त्यांनी! स्वतः लिहून मलाच राग आला, इतकं बराबर जमलं होतं.

ग्रुप गार पडला. अंगठा नाही, नमस्कार नाही, रोज सकाळी येणारं व्याह्यांचं फूलसुद्धा आलं नाही. रुसले! मी त्या दिवशी दुकानातून येताना जिलेबी आणली आणि जेवून गाढ झोपलो.

पोरीचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. हळू आवाजात बोलत होती, बहुतेक गच्चीवर गेली होती.

"पप्पा, तुम्ही फोन का नाही केला त्यांना?"

"राहूनच गेलं बघ."

"सासूबाई माझ्याशी बोलून नाही राहिल्या. काल स्वयंपाक मी केला, तर त्या जेवल्या नाहीत. सासरे त्यांना म्हणत होते, पोरगी दिली आन् आता आम्ही जड झालो हिच्या बापाला." मग ती म्हणाली, "मी काय सांगू पप्पा? तुम्ही घाबरता असं सांगितलं तर तुम्ही खोटं बोललात असं होतं. न्हाई सांगितलं तर मीच वाईट."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं "बरं, ठेवते" म्हणून फोन ठेवला. समोर एक गिऱ्हाईक ज्वारीच्या बियाण्याचा भाव विचारत होतं. मी त्याला हरभऱ्याचा सांगितला.

घरी येऊन व्याह्यांना फोन लावला. बायको शेजारी बसली, फोन स्पीकरवर.

"बोला," व्याही म्हणाले. एरवी 'बोला व्याहीबुवा' म्हणायचे.

"ते बोलावणं... इकडं नेटवर्कचा फार प्रॉब्लेम चालू आहे हो..."

"मेसेज आला की आम्हाला. नेटवर्क होतं."

"तसं नव्हे, दुकानात सीझन चालू, मंग म्हटलं..."

"राहू द्या. तुम्हाला जमत नसंल तर न्या म्हणून आमचा काही आग्रह नाही. पोरीला आम्ही काही बोललो नाही."

बोलले नव्हते हे खरंच होतं, तीच तर अडचण होती. मी आणखी एक थाप जुळवायला लागलो, पाठीत चमक की मामेसासऱ्याचं आजारपण. तेवढ्यात बायकोनं फोन हातातून घेतला.

"दादा, मी बोलून राह्यले. ह्यांनी जिंदगीत टेकडी चढली न्हाई. आमच्या टाकीच्या शिडीवर अडकून बसल्ते, मी उतरवलं. तुमचा अपमान करायचा तर ह्यांची छाती न्हाई. डोंगराला भेऊन तुमी रुसावं म्हणून ह्यांनी तसलं लिव्हलं. पोरीचा ह्यात काही दोष न्हाई, तिच्या हातचं जेवा."

मी भिंतीकडं तोंड करून बसलो होतो. मग पलीकडं कुजबुज झाली, फोन या हातातून त्या हातात गेला, आणि विहीणबाईंचा आवाज आला. लग्नापासून माझ्याशी कधी 'जेवलात का' याच्यापलीकडं बोलल्या नव्हत्या.

"ताई, रविवारी या तुम्ही. सगळे जाऊ, पोरगी येईल, आपण दोघी हळूहळू चढू. दशम्या आणा, भाजी मी करते."

"आन् हे?" बायकोनं विचारलं.

"त्यांना बसू द्या खाली गाडीत. तसंही चढताना त्यांच्या बाता ऐकायला दम कुणाला पुरला असता?"