टीशख, सरपंच आणि एक उपसर्ग

प्रिय तारा आणि ईशान,

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं, की आजी ग्लासगोमध्ये टीव्हीसाठी टायपिंग करायची. तारा, तू ते शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहूनही टाकलंस. बाबा माझाच मुलगा आहे, त्यामुळे त्याची चूक दुरुस्त करणं माझ्याकडेच येतं. मी टायपिंग करत नव्हते. मी बोलायचे. ऑकलंडमधल्या तुमच्या टीचरला प्रोजेक्ट देण्याआधी हे वाचा. मराठी अडलं तर बाबाला विचारा, त्यालाही तेवढाच सराव होईल.

एका सकाळी ग्रॅहम कॉफीचा मग हातात घेऊन आमच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “काल स्क्रीनवर काय गेलं माहितीये? ‘द डॉल विल इलेक्ट अ टी-शॉप.’”

म्हणजे, बाहुली चहाचं दुकान निवडणार आहे.

ग्रॅहम आमचा युनिट हेड. इथे साहेबालाही नावाने हाक मारतात. आम्ही एका न्यूज चॅनेलसाठी लाइव्ह सबटायटल्स द्यायचो. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी पडद्याच्या खाली ज्या ओळी येतात, त्या. लाइव्ह कार्यक्रमात तेवढ्या वेगाने टाइप करणं कोणालाच जमत नाही. म्हणून रीस्पीकर असतो. तो बूथमध्ये हेडफोन लावून बसतो, टीव्हीवरचा माणूस जे बोलेल ते त्याच्या पाठोपाठ स्वतः बोलतो, आणि आपल्या आवाजाला सरावलेलं सॉफ्टवेअर ते लिहून काढतं. स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा तोंडाने सांगायचे. आवाज सपाट ठेवायचा. जुन्या आकाशवाणीवर बाजारभाव सांगायचे ना, तसा. डोकं इतकं शिणतं, की पाव तासाने दुसऱ्याने ताबा घ्यायचा. माझी जोडीदार होती फिओना.

“ते आम्ही नाही लिहिलेलं,” फिओना म्हणाली. “ते मशीनचं काम आहे. तुम्हीच ट्रायलला दिलंय.”

खरं होतं. माणसाशिवाय, थेट टीव्ही ऐकून लिहिणारं सॉफ्टवेअर चॅनेल वापरून बघत होतं. ते स्वस्त होतं आणि ग्लासगोच्या ट्रॅफिकमध्ये अडकत नव्हतं. त्या आठवड्यात आयर्लंडच्या निवडणुकीचे निकाल होते. आयर्लंडच्या पंतप्रधानाला त्यांच्या भाषेत टीशख म्हणतात. स्पेलिंग बघितलंत तर उच्चाराचा पत्ता लागणार नाही. त्यांच्या लोकसभेला डॉल म्हणतात. मशीनला दोन्ही शब्द ठाऊक नव्हते. त्याने आपल्या ओळखीचे लिहिले.

“मला माहितीये,” ग्रॅहम म्हणाला. “म्हणून चॅनेलने आपल्याला एक दिवस दिलाय. तिथे सरकार बनेल त्या दिवसाचं सगळं लाइव्ह तुम्ही दोघी करायचं. नीट झालं तर राजकारण माणसांकडे राहील. एक जरी लाजिरवाणी ओळ गेली, तर सगळं मशीनकडे.”

“आणि आम्ही?”

“सुनंदा तर रिटायरच होतेय,” तो माझ्याकडे न बघता मगात बघत म्हणाला.

म्हणजे प्रश्न फिओनाचा होता. ती आधी एका कॉल सेंटरमध्ये शिव्या खायची. “इथे लोकांचे शब्द मी बोलते,” असं म्हणायची. “तिथे ते सगळे शब्द मलाच उद्देशून असायचे.” तिला हे काम मी शिकवलं होतं. तिच्या हाताला गुण होता, म्हणजे खरं तर जिभेला. माझ्या जाण्याच्या वेळेला तिचीच खुर्ची जावी, हे मला पटत नव्हतं.

तयारीला वेळ मिळाला, कारण आयर्लंडमध्ये कोणत्याच पक्षाला बहुमत नव्हतं. अशा वेळी तिथे पक्ष आठवडेच्या आठवडे बोलणी करत बसतात. जुना टीशख राजीनामा देतो, पण नवा येईपर्यंत काम बघतो. घर सोडलेला, पण चावी न दिलेला भाडेकरू समजा. मग डॉलमध्ये मतदान होतं, जिंकलेला राष्ट्राध्यक्षांकडे जाऊन नेमणूक घेतो, परत येतो आणि आपले मंत्री जाहीर करतो. सगळं एकाच दिवसात. या वेळी तर कित्येक पिढ्या एकमेकांशी भांडलेले दोन पक्ष एकत्र येणार होते. आधी एकाचा नेता टीशख, दुसऱ्याचा नेता उपपंतप्रधान. त्याला टॉनिश्ता म्हणतात. अर्धी मुदत संपली, की अदलाबदल.

हे फिओनाला दोनदा सांगावं लागलं. मला एकदाही नाही.

“तुला इतकं पटकन कसं कळलं?” तिने विचारलं.

“मी महाराष्ट्रातली आहे. अडीच-अडीच वर्षं हा शब्द आमच्याकडे दुकानदारालाही कळतो. माझे मामा सांगलीजवळच्या गावात उपसरपंच होते. निम्म्या मुदतीनंतर सरपंच करू म्हणून सांगितलं होतं.”

“मग झाले?”

“अजून गावाकडे विषय काढला की मामी स्वयंपाकघरात निघून जाते.”

बोलता बोलता मला युक्ती सुचली. आमच्या कामात एक सोय असते. सॉफ्टवेअरला एखादा शब्द ऐकू येत नसेल, तर त्याच्यासाठी टोपणशब्द शिकवता येतो. आपण टोपणशब्द बोलायचा, पडद्यावर खरा शब्द उमटतो. अट एकच. तो टोपणशब्द इंग्रजीतल्या कशासारखाही वाटता कामा नये. बाकी लोक त्यासाठी काहीबाही अक्षरं जुळवायचे आणि ऐन वेळी विसरायचे. मी टीशखसाठी ‘सरपंच’ घेतला आणि टॉनिश्तासाठी ‘उपसरपंच’. अर्थ जवळचा, विसरायची भीती नाही.

फिओनानेही तेच शब्द स्वतःच्या आवाजात शिकवले. तिला ‘च’ जमेना.

“सारपांट्श,” ती म्हणायची.

“सरपंच.”

“सारपांट्श. अगं, मशीनला आवडतंय ना? मग तू कशाला छळतेस?”

मशीनला आवडत होतं. ती सारपांट्श म्हणाली, की पडद्यावर स्वच्छ ‘टीशख’ यायचं. सरावात माझं ‘उपसरपंच’ही दर वेळी बरोबर आलं. मी ते चारचौघांसमोर करूनही दाखवलं.

तो दिवस उगवला. सकाळी बाहेर ग्लासगोचं नेहमीचं करडं आभाळ, आत आम्ही दोघी. आमच्या प्रेक्षक-मंडळातली नोरीन घरून बघणार होती. हे मंडळ म्हणजे ऐकू न येणारे तीन प्रेक्षक, त्यांचं मत चॅनेल विचारात घ्यायचं. नोरीन आयर्लंडमधल्या डोनेगॉलची, लग्न करून ग्लासगोला आलेली. उतारवयात कान गेले, पण बोलणं अगदी ठणठणीत. त्या टी-शॉपच्या ओळीबद्दल ती म्हणाली होती, “दोन दिवस मला वाटत होतं, डब्लिनमधलं एखादं हॉटेल बंद पडलं.”

पहिला तास सुरळीत गेला. मग मावळते टीशख, जे आता टॉनिश्ता होणार होते, बोलायला उभे राहणार होते. निवेदिका भरभर बोलत होती. मी तिच्या मागे धावत होते. ‘होणारे टॉनिश्ता आता बोलतील’ हे वाक्य आलं, आणि मी ‘उप’ म्हटल्यावर श्वास घेतला. एवढासाच. मग म्हटलं ‘सरपंच’.

पडद्यावर आलं: अप टीशख.

उत्तर इंग्लंडमधले, लीड्सकडचे लोक ‘अप’ला ‘उप’च म्हणतात. सॉफ्टवेअर ब्रिटिश, त्याने लीड्सचा माणूस समजून घेतला. आणि आयर्लंडमध्ये ‘अप अमका’ म्हणजे ‘अमक्याचा विजय असो’. मॅचमध्ये ओरडतात तसं. कोणाचीही बाजू न घेणाऱ्या न्यूज चॅनेलने ऐन सभागृहात टीशखचा जयजयकार केला होता. माझ्या लक्षात येईपर्यंत दुसऱ्या वाक्यात परत तेच झालं. अडखळलेली जीभ पुन्हा तिथेच अडखळते.

लाइव्हमध्ये गेलेली ओळ खोडता येत नाही. दोन आडव्या रेघा टाकून पुढे बरोबर शब्द द्यायचा. मी रेघा दिल्या आणि हाताने टॉनिश्ता टाइप केलं. तेवढं टायपिंग मात्र मी केलं, हे बाबाला सांगा.

काचेपलीकडे ग्रॅहमचा फोन वाजला. तो ऐकत होता आणि माझ्याकडे बघत होता. फिओनाने हाताने खूण केली, ‘मी घेते’, आणि ताबा घेतला. ती अजिबात घाबरली नव्हती. निदान आवाजात तसं काही नव्हतं, आणि आमच्या कामात तेवढं पुरतं.

सुदैवाने डॉलमध्ये तेव्हाच गोंधळ सुरू झाला. कोणाला बोलायला किती वेळ द्यायचा यावरून विरोधक उठले आणि सभापतींनी कामकाज थांबवलं. ग्रॅहम बूथमध्ये आला.

“चॅनेल विचारतंय, जयजयकार कोण करतंय.”

“मी,” मी म्हटलं. “चुकून.”

“मी त्यांना काय सांगू?”

“सांग, की तो उपसर्ग होता.”

तो परत फोनकडे गेला.

“नवा शब्द दे,” फिओना म्हणाली. “लवकर. त्यात अप, डाउन, काही नको.”

मी विचार केला. “हे दोन पक्ष कसे आहेत, सांग.”

“एकमेकांना बघवत नाहीत. पण एकाच घरात राहायचंय. बाहेरच्यांसमोर गोड बोलायचं. आणि घरात मोठं कोण, ते आळीपाळीने.”

“जावा,” मी म्हटलं.

“काय?”

“दोन भावांच्या बायका. तू ‘जाऊबाई’ म्हण. जाऊ-बाई.”

“जाऊबाई,” फिओना पहिल्याच झटक्यात म्हणाली. त्यात तिला न जमणारं काही नव्हतं. आम्ही दोघींनी सॉफ्टवेअरला जाऊबाई शिकवली. श्वास घेऊन, श्वास न घेता, शिंक आल्यासारखं करून, सगळ्या प्रकारे बोलून बघितलं. दर वेळी टॉनिश्ता.

कामकाज पुन्हा सुरू झालं. मतदान झालं. नवे टीशख राष्ट्राध्यक्षांकडे जाऊन नेमणूक घेऊन आले. इथे खरी कसोटी होती. सकाळी जे टीशख होते ते आता टॉनिश्ता, आणि ज्यांना सकाळी नुसतं नाव होतं ते टीशख. टीव्हीवरचे लोकही चुकत होते. एका पत्रकाराने जुन्याच माणसाला टीशख म्हटलं, तेव्हा फिओनाने पद गाळून नुसतं नाव दिलं. बघणाऱ्याचा घोटाळा होऊ नये एवढंच तिने बघितलं. हे कसब मी तिला शिकवलेलं नव्हतं. तिने ते बसल्या जागी केलं.

शेवटची पाळी माझी होती. मंत्र्यांची नावं जाहीर होत होती. ग्रॅहम दारातच उभा होता. मी बाजारभावाच्या आवाजात म्हटलं, “द फॉर्मर सरपंच विल सर्व्ह अ‍ॅज जाऊबाई फुल स्टॉप.” ग्रॅहमने माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. पडद्यावर डब्लिनच्या वर्तमानपत्रात शोभेल असं वाक्य होतं. तो पुन्हा माझ्याकडे बघू लागला, तर मी पुढच्या मंत्र्यावर गेले होते.

दुसऱ्या दिवशी प्रेक्षक-मंडळ ऑफिसला आलं. अटीप्रमाणे बघितलं तर लाजिरवाणी ओळ गेली होती, एक नव्हे, दोन. फिओनाने सकाळपासून तोंडात काही घातलं नव्हतं. ग्रॅहमने नोरीनसमोर बसून, तिला ओठ दिसतील असं सावकाश विचारलं, “चुकीच्या ओळीबद्दल तुझं काय मत?”

“कुठली चुकीची?”

“अप टीशख.”

“ती होय,” नोरीन म्हणाली. “मला वाटलं, आज चॅनेलवाले खुशीत आहेत. मग रेघा आल्या, तेव्हा कळलं. माझ्या नवऱ्याला तो पक्ष डोळ्यांसमोर नको असायचा. तो असता तर रेघांपर्यंत थांबला नसता, टीव्हीच बंद केला असता.”

“म्हणजे तक्रार आहे?”

“आता मला विचार, काल काय झालं.”

“काय झालं?”

मग नोरीनने सगळं सांगितलं. गोंधळ कशावरून झाला, कोण टीशख झाला, कोण टॉनिश्ता, अदलाबदल कधी होणार, आणि तिच्या डोनेगॉलच्या वाट्याला काय आलं. काहीही राहिलं नाही. “घरातले बाकी सगळे ऐकत होते,” ती म्हणाली, “आणि मध्येच मलाच विचारत होते, आता टीशख कोण? असं माझ्या घरात बऱ्याच वर्षांनी झालं.” मग फिओनाकडे वळून म्हणाली, “लिहून घे. एक चूक, तीही उत्साहाची.”

ग्रॅहमने जसंच्या तसं कळवलं. चॅनेलने चार दिवस घेतले आणि काम वाटलं. हवामान आणि शेअर बाजार मशीनकडे गेले. लाइव्ह राजकारण माणसांकडे राहिलं. युनिट लहान झालं, दोघे-तिघे दुसरीकडे गेले. त्याचं वाईट वाटलं, ते इथे लपवत नाही.

यातून मी शिकले ते असं. परक्या भाषेतला शब्द जिभेवर बसत नसेल, तर आपल्या भाषेतला त्याचा नातलग शोधावा. आणि उपसर्ग असेल तर दम लागलेला असताना एकदा बोलून बघावा.

मी ठरल्या वेळी रिटायर झाले. ग्लासगोमध्ये आता दोनच बूथ उरलेत. त्यातल्या एकात फिओना बसते.

तुमची,
आजी